मायनरच्या पुनर्स्थापनेला निधी आलाय, संयुक्त पाहणीत काय मागायचं?

टेलची संचालक

नमस्कार मंडळी. आमच्या मध्यम प्रकल्पाच्या डाव्या कालव्यावर एक मायनर, म्हणजे कालव्यातून फुटणारी लहान चारी आहे. लांबी 4.8 किलोमीटर, कागदावर भिजणारं क्षेत्र 320 हेक्टर, हेडला, म्हणजे तोंडाशी, 12 क्युसेक (सेकंदाला 12 घनफूट) पाणी घेण्याची क्षमता. धरण 72 च्या दुष्काळानंतरचं. चाऱ्या खोदल्या त्यानंतर मोठी दुरुस्ती कधी झालीच नाही. पाणी वापर संस्था बरीच वर्षं नावापुरती होती. यंदा निवडणूक झाली आणि शेवटच्या भागातून मी संचालक म्हणून निवडून आले. आता मायनरच्या पुनर्स्थापनेसाठी निधी मंजूर झालाय आणि लवकरच विभागाचे लोक आणि संस्था मिळून संयुक्त पाहणी होणार आहे. कामांची यादी त्यातच ठरणार.

आमच्याकडची स्थिती सांगते. पहिल्या दीड किलोमीटरवर ऊस, मधल्या भागात कांदा आणि गहू, आणि आम्ही शेवटचे, म्हणजे टेलचे. रब्बीत एक पाणी मिळालं तर हरभरा हाती लागतो, नाही मिळालं तर ज्वारीचा कडबाच. दसरा झाला की आमच्या वस्तीवरची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. ज्यांची जमीन लाभक्षेत्रात आहे, ज्यांच्या सातबाऱ्यावर तशी नोंद आहे, ती माणसं दुसऱ्याच्या उसाच्या मोळ्या वाहतात. मला या कामातून हे बदलायचं आहे.

बहुतेक संचालक म्हणतात, पूर्ण लांबीला काँक्रीटचं अस्तर मागा, बाकी काही नको. हेडचे शेतकरी म्हणतात, अस्तर केलंत तर आमच्या विहिरी आटतील, काम होऊ देणार नाही. निधी सगळ्याला पुरणारा नाही. काय मागावं?

ठिबकवाला

ताई, उघडी चारीच नको. बंद नलिका मागा. नवीन कामांत आता पाइपानेच वितरण करतात. झिरपा नाही, चोरी कमी, जमीन मोकळी होते. शेतात ठिबक केलं की तेवढ्याच पाण्यात दुप्पट क्षेत्र.

निवृत्त कालवा निरीक्षक

ताई, मी सगळी नोकरी कालव्यावर काढली, त्यातली बरीच तुमच्यासारख्याच मायनरांवर. थोडं सविस्तर लिहितो.

वरच्या दादांचं म्हणणं नव्या प्रकल्पासाठी बरोबर आहे. पण जुन्या मायनरला पाइप घालायचा तर धरणातून येणारं पाणी गाळाचं, हेडला गाळ बसायला टाकी हवी, पुरेसा उतार हवा, व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस हवा. व्हॉल्व्ह तुटला तर गावात तो दुरुस्त करणारा कोणी नसतो. चारी फुटली तर चार माणसं फावडी घेऊन बुजवतात. शिवाय ठिबकला पाणी रोज लागतं आणि तुमचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची पाळी, येणार महिन्याने. मधल्या दिवसांसाठी प्रत्येकाकडे विहीर नाहीतर शेततळं हवं. टेलच्या माणसाकडे तेच नसतं.

आता अस्तराचं. पूर्ण लांबीचं काँक्रीट मागण्याआधी एक हिशोब करून बघा. मायनरमध्ये पाण्याचा मातीला लागणारा ओला घेर सरासरी अडीच मीटर धरा. 4.8 किलोमीटरला ओला पृष्ठभाग झाला 12 हजार चौरस मीटर. बिनअस्तराच्या मातीच्या कालव्यात दर दहा लाख चौरस मीटरला सेकंदाला दोन-अडीच घनमीटर पाणी झिरपतं असं धरून चालतात, अस्तराच्या कालव्याला 0.6 धरतात. अडीचने हिशोब केला तर तुमच्या मायनरचा एकूण झिरपा सेकंदाला 30 लिटर, म्हणजे एक क्युसेकच्या जरा वर. अस्तर अगदी उत्तम झालं तरी वाचणार पाऊण क्युसेक. बाराच्या मायनरमध्ये टेलला पाणी पोचत नाही ते या एक क्युसेकमुळे नाही. बाकीचं पाणी कुठे जातं ते आधी शोधा.

ते शोधायला यंत्र लागत नाही. पाणी चालू असताना हेडजवळ सरळ, एकसारखा 30 मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दोरी ताणा. मधोमध वाळकं लाकूड सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. तीन-चारदा करून सरासरी घ्या. अंतराला वेळेने भागलं की पृष्ठभागाचा वेग येतो. खालचं पाणी हळू वाहतं म्हणून त्याला 0.85 ने गुणा. मग पाण्याची रुंदी आणि खोली मोजून आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढा आणि त्याने गुणा. घनमीटर प्रतिसेकंद येईल, त्याला 35.3 ने गुणलं की क्युसेक. हेच दोन किलोमीटरवर करा, साडेतीनवर करा, शेवटी करा. पण फक्त टेलचे विमोचक, म्हणजे शेताकडे पाणी सोडायची तोंडं, उघडे असतील अशा दिवशी करा, नाहीतर हिशोब लागायचा नाही.

हे आकडे घेऊन पाहणीला उभ्या राहा. तोंडी तक्रारीला कोणी किंमत देत नाही, मोजलेल्या आकड्यापुढे सगळेच थांबतात. मी विभागाच्या बाजूला उभं राहून हे पाहिलंय.

हेडची विहीर

काका, तुमचा हिशोब पटला, पण आमची बाजूही ऐका. माझी विहीर मायनरच्या भरावापासून हाकेच्या अंतरावर आहे. मायनर चालू झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी विहिरीचं पाणी चढतं. त्याच्यावर माझी पावणेदोन एकर मोसंबी उभी आहे. सासऱ्यांनी विहीर खोदली ती चारी आल्यावर, झिरप्याचा भरवसा धरूनच. टेलच्या ताईंना पाणी मिळावं असंच मलाही वाटतं. पण अस्तर करून आमची बाग वाळवायची आणि वाचलेला पाऊण क्युसेक वाटेत पुन्हा कोणीतरी सायफन टाकून ओढायचा, यात कोणाचं भलं?

टेलची संचालक

काका, आवर्तन चालू होतं म्हणून लगेच मोजलं. माझा मुलगा, दोन संचालक आणि मी. नियमाप्रमाणे त्या दिवशी फक्त शेवटचे तीन विमोचक उघडे असायला हवे होते.

हेडला लाकडाला 30 मीटर जायला 110 सेकंद लागले. छेद जवळपास 0.9 चौरस मीटर आला. म्हणजे साडेसात क्युसेकच्या आत. विभागाच्या नोंदीत 12 लिहिलेलं आहे. दोन किलोमीटरवर साडेतीन. आमच्याकडे पोचलं ते एक क्युसेकही नाही.

चालत जाताना बघितलं ते असं. हेडचं गेट अर्धवट उघडतं, त्याचा स्क्रू गंजलाय. पहिल्या पाचशे मीटरमध्ये पाणकणीस आणि गवत कमरेइतकं. विमोचकांची झाकणं गायब, जागोजागी पोती आणि चिखल कोंबलेला. भरावावरून काळ्या पाइपचे सायफन. एका ठिकाणी बैलगाडी आणि ट्रॅक्टर पलीकडे नेण्यासाठी भराव फोडून उतार केलाय, तिथून रात्रंदिवस पाणी ओढ्यात जातं. अजून दोन ठिकाणी भरावाच्या बाहेरच्या अंगाला झऱ्यासारखं पाणी फुटतंय, तिथे खेकड्यांची बिळं आहेत. आणि वस्तीजवळ जनावरं पाण्यावर उतरतात तिथे चारी तिप्पट रुंद आणि गुडघाभर राहिलीय.

निवृत्त कालवा निरीक्षक

शाबास ताई. यादी तुम्हीच तयार केलीत.

हेडलाच साडेसात येतंय, म्हणजे साडेचार क्युसेक मायनरमध्ये शिरलेलंच नाही. त्याला गेट आणि पाणकणीस कारण. गवत वाढलेल्या चारीत पाणी अडखळतं, स्वच्छ मातीची चारी जेवढं वाहून नेते त्याच्या दोनतृतीयांशापर्यंत खाली येतं. गेट नवं बसवून पहिला अर्धा किलोमीटर मूळ तळापर्यंत साफ केला तर काँक्रीटचं एक घमेलंही न ओतता तुमचं अस्तराने वाचलं असतं त्याच्या कितीतरी पट पाणी आत येईल. हे यादीत सगळ्यात वर.

दुसरं, हेडपासून दोन किलोमीटरपर्यंत चार क्युसेक गेले. त्यातला झिरपा फार तर अर्धा क्युसेक. उरलेले साडेतीन क्युसेक फुटक्या विमोचकांतून, सायफनांतून आणि त्या गाडीवाटेतून. साडेतीन क्युसेक म्हणजे किती ते सांगतो, सभेत सांगायला उपयोगी पडेल. एक क्युसेक चोवीस तास वाहिलं की जवळपास 2450 घनमीटर पाणी होतं. हेक्टरला 8 सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला 800 घनमीटर लागतं. म्हणजे एका क्युसेकमध्ये दिवसाला तीन हेक्टर. साडेतीनमध्ये वाटेतलं थोडं सोडलं तरी दिवसाला नऊ-दहा हेक्टर हरभरा भिजला असता. आवर्तन दहा दिवसांचं धरा आणि तुमच्या वस्तीवरची कुलपं आठवा.

मागायचं काय, तर प्रत्येक विमोचकाला पक्की चौकट, लोखंडी झाप आणि कुलूप. हेडला, मधे आणि टेलचा भाग जिथे सुरू होतो तिथे मोजमापासाठी फ्ल्यूम, म्हणजे पाणी मोजायला ठराविक मापात बांधलेला पाट. कटथ्रोट फ्ल्यूम साधं असतं, कमी उतारावर चालतं, बाजूला पट्टी रंगवली की शाळेतलं पोरगंही वाचतं. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूला पाणी तुंबणार नाही एवढं मात्र अभियंत्याकडून तपासून घ्या, तुंबलं की पट्टी खोटं बोलते. मोजमाप नसेल तर घनमापनाने, म्हणजे घनमीटर मोजून, पाणी मिळणं कागदावरच राहतं. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने संस्थेला पाण्याचा हक्क घनमापनावर दिलाय, क्षेत्रावर नाही. बारा लिहून साडेसात दिले जात असतील तर तुमच्या हक्कातलं पाणी दर सेकंदाला कमी होतंय आणि पट्टी नसल्यामुळे तुम्हाला ते सिद्ध करता येत नाही.

गाडीवाटेवर पाइपाची मोरी मागा. लोक भराव हौसेने फोडत नाहीत, त्यांना पलीकडे जायचं असतं. मूळ आराखड्यात मोरी नव्हती म्हणून त्यांनी आपली वाट केली. जनावरांचंही तेच. कितीही दंड लावा, तहानलेली म्हैस पाण्यावर उतरणारच. तिथे दगडी फरसबंदीचा उतार करा, म्हणजे खुराने माती ढासळत नाही. शेजारी धुण्यासाठी चार पायऱ्या. अंदाजपत्रक बनवणाऱ्या साहेबांना ही कामं किरकोळ वाटतात आणि ती पहिली कापली जातात. ताई, ही कापू देऊ नका. मी पाहिलेल्या मायनरांत काँक्रीट पहिल्यांदा कुठे फुटलं असेल तर जनावरांच्या उताराला आणि गाडीवाटेला.

खेकड्यांच्या बिळांवर वरून माती लोटून काही होत नाही. भराव तेवढ्यात खोदायचा, बीळ संपेपर्यंत जायचं, आणि ओल्या चिकणमातीचे थर देत धुमसत वर यायचं.

आता अस्तर. हवंच आहे, पण ठिकठिकाणी. जिथे उंच भराव आहे, जिथे चारी मुरमातून जाते आणि जिथे बांधकामाला लागून माती वाहून जाते, तेवढ्या तुकड्यांत. काळ्या मातीत असेल तर ठेकेदाराला थेट मातीवर काँक्रीट ओतू देऊ नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं काँक्रीट दोन-तीन पावसाळ्यांत तडकतं. त्याच्याखाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर दाबून बसवावा लागतो. अंदाजपत्रकात तो थर आहे का ते बघा, आणि असेल तर काम चालू असताना काठी खुपसून बघा. तुमच्या मुलाला तिथे उभा करा.

आणि मोसंबीवाल्या ताई, तुमचं बोलणं खरं आहे. तुमच्या विहिरींच्या टापूत अस्तराची मला तरी गरज वाटत नाही. पण पाझराचं पाणीही मायनरचंच पाणी आहे. मग विहीरवाल्यांनी रब्बीतली पहिली पाळी घ्यावी आणि पुढच्या पाळ्या टेलसाठी सोडाव्यात. तुम्ही विहिरीवर निभावू शकता, त्यांच्याकडे दुसरं साधन नाही. हे सभेत ठराव करून लिहून घ्या.

हेडची विहीर

काका, पुढच्या पाळ्या सोडायला मी तयार आहे. पण विहिरीवर निभावतं ते जानेवारीपर्यंत, फेब्रुवारीत नाही. एक पहिली आणि एक शेवटची, असं असेल तर बाकीच्यांनाही पटवून देईन. उसवाल्यांचं मात्र मी सांगू शकत नाही.

टेलची संचालक

ताई, पहिली आणि शेवटची चालेल. आम्हाला हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाणी लागतं, ते मधेच येतं. उसाचा प्रश्न राहतोच.

पांझराकाठचा

धुळे जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे पांझरेवर बंधाऱ्यांची फड पद्धत कित्येक पिढ्यांपासून आहे. आता बरेच फड बंद पडले, तरी त्यातलं एक सांगावंसं वाटतं. एका फडात, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीच्या एका भागात, एकच पीक. ऊस कुठल्या फडात हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि दरवर्षी ते फिरायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असायची, त्यामुळे उसाचा फायदा आणि कमी पाण्याच्या पिकाचा तोटा एकाच घराला दोन्ही बसायचा. पाणी द्यायला पाटकरी, वरून खाली देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारं, म्हणजे पाण्याचं तोंड, उघडायचंच नाही. पाटाची साफसफाई जमिनीच्या प्रमाणात ज्याची त्याने करायची.

तुमच्या मायनरवर आज हे जसंच्या तसं होणार नाही, जमिनी तशा विभागलेल्या नाहीत. पण पाणी देणारा माणूस संस्थेचा असावा आणि त्याचा पगार टेलच्या समाधानावर ठरावा, एवढं तर करता येईल.

निवृत्त कालवा निरीक्षक

पांझरेच्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. उसासाठी माझा अनुभव असा की पीक बंद करा म्हटलं की भांडण होतं, पाणी मोजून द्या म्हटलं की फारसं होत नाही. प्रत्येकाला हेक्टरी सारखं पाणी, घनमीटरमध्ये. त्यात त्याने ऊस करावा की कांदा, त्याची मर्जी. ऊसवाला मग आपोआप ऊस कमी करतो नाहीतर स्वतःच्या खर्चाने ठिबक बसवतो. संस्थेला आपल्या सभासदांचे पाण्याचे दर ठरवता येतात, जादा पाण्याला जादा दर लावता येतो.

आणि प्रत्येक आवर्तनात पाळी टेलकडून हेडकडे. यात तडजोड नको. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांसोबत 1990 च्या आसपास संस्था उभ्या केल्या, त्या कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांनी. पाणी पोचतच नव्हतं म्हणून ते एकत्र आले. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे गेलं. मुळा प्रकल्पावर चांद्याच्या दत्त संस्थेनेही 1989 पासून आपली मायनर चालवायला घेतली. तुमच्या संचालक मंडळाला एसटी करून ओझरला घेऊन जा. हेडच्या उसवाल्यांना आधी बसवा. माझ्या शंभर शब्दांपेक्षा तिथल्या शेतकऱ्याशी बांधावरची एक भेट जास्त काम करते. आणि संस्थेच्या दोन तरुणांना छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीत (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत) प्रशिक्षणाला पाठवा.

शेवटचं, आणि हे फार महत्त्वाचं. काम पूर्ण झालं, सही करा, असं म्हणत कागद येईल तेव्हा मायनर कोरडी असेल. कोरड्या मायनरवर सही करू नका. हेडला पूर्ण 12 क्युसेक सोडायला सांगा, सगळे विमोचक बंद ठेवा, आणि टेलच्या फ्ल्यूमवर पाणी किती येतं ते विभाग आणि संस्था दोघांनी मिळून वाचा. तळाचे तुकडे, झापांची गळती, भरावाची बाहेरची बाजू, सगळं त्या चालू पाण्यात चालत बघा. टेलला एवढं पाणी जाणार तर शेवटी ओढ्याकडे निकास आहे ना तेही पाहा, नाहीतर तुमचीच शेतं बुडतील. आकडा लिहा, दोघांच्या सह्या त्या आकड्याखाली घ्या. मगच हस्तांतरण.

टेलची संचालक

काका, यादी अशी लिहिली आहे: हेडचं गेट आणि पहिल्या पाचशे मीटरची सफाई, सगळे विमोचक झाप-कुलपासह, तीन फ्ल्यूम, गाडीवाटेची मोरी, जनावरांचा उतार आणि धुण्याच्या पायऱ्या, बिळांचे दोन तुकडे, टेलचा निकास, आणि अस्तर फक्त 2.2 ते 2.9 किलोमीटरच्या उंच भरावाला आणि साडेतीनच्या पुढच्या मुरमाच्या पट्ट्याला, खाली न फुगणाऱ्या मुरमाच्या थरासह. विहिरींच्या टापूला अस्तर नाही. मोसंबीच्या ताईंनी हेडच्या सात जणांच्या सह्या आणून दिल्या. एक प्रश्न राहिला. गाळ काढला तर तो टाकायचा कुठे? भरावावर टाकला तर पहिल्या पावसात परत आत येईल.

निवृत्त कालवा निरीक्षक

भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी, आणि सेवापथ मोकळा ठेवून, नाहीतर पुढच्या वर्षी जेसीबी आत जायचा नाही. त्यात बारीक पोयटा असेल तर ज्यांची जमीन हलकी आहे त्यांना न्यायला सांगा, वाहतूक त्यांची. पाणकणीस मात्र मुळासकट उपटून उन्हात वाळवून जाळा. कंद गाळात राहिला तर ज्याच्या शेतात गाळ जाईल त्याच्या शेतात तो उगवेल.